तारीख झाड ठरवतं

मंगळवार होता, १४ मार्च २०२३. सकाळचे अकरा वाजत आले होते. मी गॅसवर आमटी ठेवली होती आणि एवढ्यात तोक्योहून लेकीचा फोन आला. "आई, साकुरा फुलला गं! आत्ता टीव्हीवर जाहीर केलं. आता काय करायचं?"

तिच्या आवाजात आनंद कमी आणि रडवेपणा जास्त होता. फूल उमललं म्हणून कुणी रडवेलं होतं का? पण झालं होतं असं की, माझं विमानाचं तिकीट होतं २९ मार्चचं. ते काढताना तिने मुहूर्त पाहावा तसं सगळं पाहिलं होतं. तोक्योत साकुरा सरासरीने २४ मार्चला उमलायला लागतो आणि ३१ मार्चच्या सुमारास पूर्ण बहरात येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नातवाचा पहिलीचा प्रवेशसमारंभ. म्हणजे आजीला बहरही सापडेल आणि नातवाचं कौतुकही. हिशेब अगदी चोख बसला होता. फक्त झाडाला कुणी विचारलं नव्हतं.

"जाहीर केलं म्हणजे काय? फुलं काय सरकार जाहीर करतं?" मी विचारलं.

तर हो, तिकडे सरकारच जाहीर करतं. तोक्योत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात साकुराचं एक ठरलेलं झाड आहे. मार्च लागला की हवामान खात्याचा माणूस रोज त्या झाडाखाली येऊन, मान वर करून फुलं मोजतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की तो तिथेच सांगतो, तोक्योत साकुरा फुलला. भोवती टीव्हीचे कॅमेरे आणि पन्नासशंभर हौशी माणसं जमलेली असतात. ती टाळ्या वाजवतात. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की दुसरी घोषणा होते, पूर्ण बहराची. अशी मापाची झाडं देशभर ठेवलेली आहेत.

आपल्याला हे ऐकून हसू येईल. पण जरा आठवून पाहा. मे संपत आला की आपण तरी काय करतो? 'मान्सून केरळात दाखल' ही बातमी पहिल्या पानावर असते. मग तळकोकण, मग मुंबई, मग पुणे अशी नकाशावरची रेघ रोज वर सरकते आणि घराघरांत तिची चर्चा होते. जपानात तशीच रेघ फुलांची असते. ओकिनावा बेटांवर जानेवारीतच एका वेगळ्या जातीचा साकुरा फुलतो. मार्चअखेरीस क्यूशू, शिकोकू, तोक्यो, क्योतो बहरतात आणि थंडगार होक्काइदोत जायला मे उजाडतो. या पुढे सरकणाऱ्या रेषेला ते 'साकुराची आघाडी' म्हणतात. २००९ पर्यंत तिचा अंदाजही सरकारी हवामान खातंच देत असे. पुढे ते काम खासगी कंपन्यांनी घेतलं. आपला पाऊस लांबला तर पोटाची चिंता असते. त्यांचा साकुरा लवकर आला तर काय बिघडतं, हे मात्र त्या सकाळी मला कळलं नव्हतं.

आमटी उतू गेली, तेव्हा मी भानावर आले.

* * *

ही जपानवारी खरं तर दोघांची होती. लेक लग्नानंतर तोक्योत गेली त्याला बरीच वर्षं झाली. दर वर्षी संक्रांत झाली की तिचा फोन यायचा, "बाबा, या वर्षी साकुराला या." आणि आमचे हे दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." एक वर्ष निवृत्तीला सहाच महिने उरले होते. एक वर्ष घराला रंग काढला होता. एक वर्ष पुतणीचं लग्न एप्रिलमध्ये निघालं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. ठेवीची मुदत वाढवावी तशी ते ही सहल पुढे ढकलत राहिले. मीही कधी हट्ट धरला नाही. झाडं काय कुठे पळून जातायत, असं मलाही वाटायचं.

शेवटी २०२० ची तिकिटं काढली. यांनी नवा कॅमेरा घेतला. आणि मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. त्या वर्षी तोक्योतही बागांमध्ये बसायला मनाई होती. उएनोच्या प्रसिद्ध बागेतला साकुराचा रस्ता तर दोऱ्या लावून बंद केला होता. झाडं मात्र फुलली आणि माणसांशिवाय गळून गेली. लेकीने घराच्या खिडकीतून काढलेला एक फोटो पाठवला. हे बराच वेळ तो बघत बसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी."

२०२१ च्या एप्रिलमध्ये, त्या दुसऱ्या लाटेत, हे गेले.

जपानने पर्यटकांना आपली दारं पूर्ण उघडली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यानंतरचा हा पहिलाच वसंत. म्हणून मी निघाले, एकटी. सामानात चिवडा, मेतकूट, नातवासाठी तिळाच्या वड्या आणि फारसा न वापरलेला तो कॅमेरा.

* * *

मी पोहोचले तेव्हा पूर्ण बहर होऊन आठवडा उलटला होता. २२ मार्चलाच तो जाहीर झाला होता. विमानतळावरून घरी येताना लेक सारखी सांगत होती, "आई, मागच्या आठवड्यात तू हा रस्ता बघायला हवा होतास." पाहुण्यांना पंगत उठल्यावर पोहोचल्यासारखं वाटावं, तसं मला झालं.

लेक राहते ती वस्ती निशी-कासाई नावाची, तोक्योच्या पूर्व टोकाला. तिथे आपली इतकी माणसं आहेत की वाण्याकडे तूरडाळ आणि हिंग सहज मिळतं. जवळच शिनकावा नावाचा एक कालवा आहे. त्याच्या दोन्ही काठांना साकुराची झाडं लावली आहेत. १ एप्रिलला शनिवार होता. लेक, जावई, नातू, त्यांच्या इमारतीतली दोन जपानी कुटुंबं आणि एक खूप वृद्ध आजी, असे आम्ही सगळे सकाळी निघालो. हानामीला.

'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे पाहणं. शब्द एवढा साधा आहे. झाडाखाली निळी ताडपत्री अंथरायची, चपला-बूट काढून तिच्या कडेला ओळीने ठेवायचे, बसायचं, खायचं, प्यायचं, गप्पा मारायच्या. कार्यक्रम असा काहीच नाही. कंपन्यांची माणसंही येतात. मोक्याचं झाड मिळावं म्हणून ऑफिसात नवीन लागलेल्या पोराला सकाळपासून ताडपत्रीवर राखण बसवतात. संध्याकाळी साहेब येईपर्यंत तो बिचारा पुस्तक वाचत बसलेला असतो. उठताना प्रत्येक जण आपला कचरा पिशवीत भरून घरी नेतो.

मला वाटलं होतं, बहर ओसरला म्हणजे कुणी येणार नाही. पण कालव्याचा काठ माणसांनी भरला होता. झाडांवर निम्मी फुलं आणि निम्मी कोवळी पालवी. वारा आला की पाकळ्यांची सरच्या सर खाली यायची. ती डब्यात पडत होती, केसांत अडकत होती, लहान मुलं ती टोपीत झेलत होती. कुणाच्याही तोंडावर 'उशीर झाला' असं दिसत नव्हतं.

लेकीने मग मला शब्द शिकवले. वाऱ्याने पाकळ्या उधळतात त्याला म्हणतात 'हानाफुबुकी', फुलांचं हिमवादळ. पाण्यावर पाकळ्या साचून त्यांचा पट्टा तरंगत जातो, तो 'हानाइकादा', फुलांचा तराफा. बहराच्या दिवसांत मध्येच थंडी परतते, ती 'हानाबिए'. आणि फुलं सरून पालवी फुटलेलं झाड म्हणजे 'हाझाकुरा'. त्यालाही स्वतःचं नाव आणि त्याचेही चाहते. आपल्याकडे पावसाला जशी रिमझिम, भुरभुर, संततधार अशी नावं आहेत, तसं हे. ज्याची वाट पाहिली जाते त्याला माणसं मन भरून नावं देतात.

मी लेकीला म्हटलं, "तू उगाच रडत होतीस. मला पंगत उठल्यावरचं नाही, मधलं पान मिळालंय."

* * *

डबे उघडले. आमच्याकडे बटाट्याची भाजी भरलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या आणि चिवडा. त्यांच्याकडे भाताचे त्रिकोणी गोळे, अंड्याच्या वड्या, लोणची. मी शाकाहारी म्हणून माझ्यापुढे दोन गोड पदार्थ सरकवले गेले. एक साकुरा-मोची. आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, बाहेर गुलाबी आवरण आणि त्याभोवती मिठात मुरवलेलं साकुराचं पान. कोकणात आपण हळदीच्या पानात पातोळ्या करतो, त्यांची मला आठवण झाली. हे पान मात्र बरोबरच खायचं असतं. तोक्योच्या सुमिदा नदीकाठी, चोमेइजी देवळाजवळच्या एका दुकानात १७१७ पासून हा पदार्थ करतात असं सांगतात. दुसरा दांगो. तांदळाच्या उकडीचे तीन गोळे काडीला टोचलेले. गुलाबी, पांढरा, हिरवा. मोदकाची उकड आठवा, सारणाशिवाय.

या दांगोवरून जपानी भाषेत एक म्हण आहे. तिचा अर्थ, फुलांपेक्षा दांगो बरा. झाडाकडे न बघता डब्याकडे बघणाऱ्याला उद्देशून ती म्हणतात. नातवाने चौथा दांगो उचलला तेव्हा शेजारणीने ती म्हण ऐकवली आणि सगळे हसले. "आमच्याकडेही आहे," मी म्हटलं, "आधी पोटोबा, मग विठोबा." लेकीने भाषांतर केलं. विठोबा कोण हे समजावता समजावता तिची दमछाक झाली.

शेजारणीच्या नवऱ्याने मग एक जुनी गोष्ट सांगितली. तिकडे राकुगो नावाचा एकट्याने बसून गोष्टी रंगवून सांगण्याचा प्रकार आहे. त्यातली ही प्रसिद्ध गोष्ट. एका चाळीतली भाडेकरू मंडळी अठराविश्वे दरिद्री. घरमालक म्हणतो, चला, आपणही हानामीला जाऊ. साके म्हणून तो पाणीदार चहा बाटलीत भरतो. अंड्याची वडी म्हणून पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याच्या चकत्या घेतो. मंडळी झाडाखाली बसून चहा पिऊन झिंगल्याचं सोंग करतात आणि 'अंडं' कुरकुरीत लागतं म्हणतात. मला पिठाचं पाणी दूध म्हणून पिणारा अश्वत्थामा आठवला. पण या गोष्टीत रडं नाही. पैसे नव्हते म्हणून चाळीतल्या लोकांनी हानामी चुकवली नाही, एवढंच तिच्यात आहे.

* * *

ही प्रथा आहे तरी किती जुनी? इसवी सन ८१२ मध्ये सम्राट सागाने क्योतोतल्या शिन्सेन-एन या बागेत साकुराखाली मेजवानी दिली, ही हानामीची सर्वांत जुनी नोंद मानतात. त्याआधी दरबारी मंडळींना अलुबुखाराच्या जातीतल्या 'उमे'च्या फुलांचं वेड होतं. ती आवड चीनमधून आलेली. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेवरच्या कविता कितीतरी जास्त आहेत. पुढच्या दोनशे वर्षांत पारडं फिरलं आणि नुसतं 'हाना' म्हटलं तरी साकुराच समजू लागले.

सर्वांत थाटाची हानामी झाली १५९८ मध्ये. सारा जपान एका सत्तेखाली आणणारा तोयोतोमी हिदेयोशी याने क्योतोजवळच्या दाइगो-जी मंदिरात सातशेच्या आसपास झाडं आणून लावली आणि तेराशे लोकांना बोलावलं. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. बहर पाहून सहा महिने होतात न होतात तोच तो वारला. पुढचा वसंत त्याला दिसला नाही. दाइगो-जीत आजही एप्रिलमध्ये त्या मेजवानीच्या स्मरणार्थ मिरवणूक निघते.

पण मला जास्त आवडला तो शोगुन तोकुगावा योशिमुने. याने १७२० च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, आसुकायामा टेकडीवर हजारावर साकुरा लावले, ते सामान्य माणसांसाठी. उएनोत शोगुनच्या घराण्याचं मंदिर असल्यामुळे तिथे गाणं-बजावणं, पिणं चालत नसे. आसुकायामावर सगळ्याला मुभा होती. लोक सोंगं घेऊन यायचे, नाचायचे. दरबारातली हानामी अशी चाळीत आली.

एका दुपारी लेक मला तिथे घेऊन गेली. वाटेत कोमागोमे लागतं. तिथे पूर्वी सोमेइ नावाचं माळ्यांचं गाव होतं. आज जपानात सर्वांत जास्त दिसणारा साकुरा, 'सोमेइ-योशिनो', एदो काळाच्या अखेरीस या माळ्यांनी लोकांपुढे आणला. दोन जातींच्या संकरातून झालेलं हे झाड. त्याचं बी लावलं तर तसंच झाड येत नाही, म्हणून ते कलमानेच वाढवावं लागतं. हापूस लावणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणजे देशभरातली ही लाखो झाडं एकाच झाडाच्या फांद्या आहेत. डीएनए तपासणीतही तेच निघालं. म्हणून तर एका गावातली सगळी झाडं एकाच वेळी फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदमच रिकामी होतात. जो नाजूक, क्षणभंगुर बहर आपण चित्रांत पाहतो, त्याच्यामागे माळ्यांचा चाकू आणि कलमाची दोरी आहे.

* * *

आता त्या वृद्ध आजींबद्दल. वय एकोणनव्वदच्या घरात, पाठ वाकलेली, पण मांडी घालून ताठ बसल्या होत्या. माझा नातू त्यांच्या मांडीला टेकून खात होता. मी लेकीला सांगून त्यांना विचारलं, तुम्ही लहानपणापासून हानामीला येता का?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. लेक सांगत होती, मी ऐकत होते.

त्यांचं घर सुमिदा नदीच्या बाजूला होतं. १९४४ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने तोक्योतल्या शाळकरी मुलांना शाळेसकट खेड्यांत नेऊन ठेवलं. या तेव्हा दहा वर्षांच्या, थोरली बहीण सहावीत. दोघी एकाच खेड्यात होत्या. मार्च १९४५ मध्ये सहावीच्या मुलांना शाळा सोडण्याच्या समारंभासाठी परत तोक्योला पाठवलं. बहीण आनंदाने गेली. ९-१० मार्चच्या रात्री अमेरिकन विमानांनी तोक्योच्या त्या भागावर आगीचे बाँब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली. समारंभासाठी परतलेली कितीतरी मुलं त्यात होती. आजींची बहीणही.

"त्या वर्षी साकुरा फुलला की नाही, मला आठवत नाही," आजी म्हणाल्या.

आई-वडील वाचले होते. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, आई म्हणाली, आज हानामीला जाऊ. खायला काही नव्हतंच. आईने रताळी उकडून फडक्यात बांधली. झाडाखाली बसल्यावर फडकं सोडलं तर रताळी चार. आणि माणसं तीन. कुणी काही बोललं नाही. प्रत्येकाने आपापलं खाल्लं. मग आईने चौथ्याचे तीन तुकडे केले.

"तेव्हापासून मी एकदाही चुकवलेली नाही," त्या म्हणाल्या. "कोरोनातसुद्धा चालत येऊन उभ्याउभ्या बघून गेले."

दोनच दिवसांनी मी लेकीला म्हटलं, मला सुमिदाच्या काठावर ने. आज तिथे सुंदर बाग आहे, साकुराची रांग आहे, समोर उंच मनोरा दिसतो. मार्च १९४५ मध्ये याच बागेत हजारो प्रेतं तात्पुरती पुरली होती. कोतोतोइ पुलाजवळ त्यांच्या आठवणीचा दगड आहे. त्याच्यापुढे कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती. दहा पावलांवर पोरं ताडपत्रीवर पत्ते खेळत होती.

साकुराचं नाव घेऊन तिकडे वाईटही झालं आहे, हे सांगायला हवं. त्या युद्धाच्या काळात सैनिकांना शिकवलं जाई की, साकुराच्या पाकळीसारखे सम्राटासाठी हसत गळून पडा. माणसासकट शत्रूच्या बोटीवर आपटणाऱ्या एका विमान-बाँबचं नावच 'ओका', म्हणजे साकुराचं फूल, असं होतं. एमिको ओहनुकी-टिअर्नी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशा वैमानिकांच्या रोजनिशा अभ्यासून २००२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातली कितीतरी मुलं विद्यापीठातली, खूप वाचणारी आणि जगण्याची ओढ असलेली होती. फुलाचा धडा सरकारने एक वाचला आणि आजींच्या आईने दुसरा. फूल गळतं म्हणून तुम्हीही गळा, असं सरकार म्हणालं. फूल गळणार आहे म्हणून आज उठा, रताळी बांधा आणि चला, असं ती माउली म्हणाली. मला तिचाच धडा खरा वाटतो.

* * *

६ एप्रिलला नातवाचा प्रवेशसमारंभ झाला. जपानात शाळा आणि नोकऱ्या दोन्ही एप्रिलमध्ये सुरू होतात. त्यामुळे पाठीवर मोठं चौकोनी दप्तर, शाळेचं फाटक आणि मागे फुललेला साकुरा, असा पहिलीतल्या मुलाचा फोटो प्रत्येक घरात असतो. आमच्या फोटोत मागे हिरवं झाड आहे. शेजारच्या बाईंनी आपला लहानपणचा फोटो दाखवला. त्यात त्याच सुमारास झाड फुलांनी लगडलेलं होतं. साकुरा लवकर आला तर काय बिघडतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

हे एका वर्षाचं नाही. क्योतोत सरदार, भिक्षू आणि दरबारी मंडळी शेकडो वर्षं रोजनिशीत बहराची तारीख टिपत आली. ओसाकाचे संशोधक यासुयुकी आओनो यांनी ती जुनी कागदपत्रं चाळून ८१२ पासूनच्या तारखा जमवल्या. त्यात सर्वांत लवकरचा बहर होता १४०९ मधला, २७ मार्चचा. सहाशे बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो विक्रम मोडला. त्या वर्षी क्योतो २६ मार्चलाच पूर्ण बहरलं. जग तापत चाललं आहे याचा इतका जुना पुरावा क्वचितच कुठे असेल, आणि तो फुलं पाहायला गेलेल्या माणसांनी लिहून ठेवलेला आहे. गंमत म्हणजे सोमेइ-योशिनोच्या कळीला जागं होण्याआधी चांगली थंडी लागते. हिवाळे फार ऊबदार झाले तर दक्षिणेत तो नीट फुलणारच नाही, अशी जाणकारांना काळजी आहे.

त्या संध्याकाळी मी यांचा कॅमेरा काढला. फोटो काढला तो फुलांचा नाहीच. कालव्यावर संथ जाणारा पाकळ्यांचा तराफा आता विरळ झाला होता, तपकिरी पडला होता. तोच काढला. फुलं पाहायला आपण उशिरा आलो असं मला वाटत नव्हतं. उशीर झाला होता तो वेगळ्याच गोष्टीला, आणि तो भरून येणारा नव्हता.

* * *

एप्रिलअखेर मी पुण्याला परतले. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ एक बहावा आहे. इतकी वर्षं त्याच्याखालून भाजी घेऊन जाताना मी त्याच्याकडे मान वर करून किती वेळा पाहिलं असेल, देव जाणे. या वेळी पाहिलं. पिवळीजर्द झुंबरं नुकती सुटू लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंची बेल वाजवली, तळमजल्यावरच्या दोघींना हाक मारली. कुणाचा फ्रीज साफ करायचा होता, कुणाची बाई येणार होती. "रविवारी बसू की," एक जण म्हणाली. "रविवारी नाही, आज," मी म्हटलं. चैत्र सरला होता, तरी आंब्याची डाळ आणि पन्हं केलं. जुनी सतरंजी झाडाखाली अंथरली, चपला कडेला काढल्या आणि पाच जणी बसलो. पन्ह्याचे पेले मी मोजून सहा आणले होते. ते एकीच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही.

वॉचमन लगबगीने आला. "आजी, काय कार्यक्रम हाय?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "झाड फुललंय. बस." आणि सहावा पेला त्याच्या हातात दिला.